स्टेनलेस स्टीलमधील आट्यांचे दोष व निवारण

स्टेनलेस स्टीलमधील आट्यांचे दोष व निवारण हा यंत्रकामातील (धातू कापून सुटे भाग घडविण्याच्या कामातील) एक व्यावहारिक विषय आहे. छिद्राच्या आतील भिंतीवर टॅप नावाच्या हत्याराने स्क्रूसाठी आटे पाडण्याच्या क्रियेस टॅपिंग म्हणतात. स्टेनलेस स्टील अर्थात अगंज पोलाद या धातूत ही क्रिया साध्या पोलादापेक्षा अवघड असते. टॅप तुटणे, आटे फाटणे, आट्यांचे माप चुकणे आणि जोडणी करताना बोल्ट आट्यांत कायमचा अडकणे हे तिच्यातील प्रमुख दोष होत. प्रस्तुत लेखात या दोषांची लक्षणे, कारणे व उपाय दिले असून उदाहरणे मुख्यतः ३०४ या प्रतीच्या स्टीलची व मेट्रिक आट्यांची आहेत.

टॅपिंग हे बहुधा एखाद्या भागावरील शेवटच्या कामांपैकी एक असते. कापणी, लेथकाम, मिलिंग, वेल्डिंग व पॉलिश एवढे सोपस्कार झाल्यावर एका लहान छिद्रात टॅप तुटला, तर तोपर्यंतचे सर्व श्रम वाया जाण्याची वेळ येते. म्हणून दोष घडल्यावर तो सुधारण्यापेक्षा त्याचे कारण आधीच ओळखण्यास या कामात अधिक महत्त्व आहे.

## परिभाषा

आटा म्हणजे दंडगोलाच्या बाहेरील किंवा छिद्राच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्राप्रमाणे फिरत जाणारी उंचवट्याची रेघ. लगतच्या दोन आट्यांमधील अंतरास पिच म्हणतात. 'एम ६ × १' या संकेतात ६ मिमी हा आट्याचा नाममात्र बाह्य व्यास आणि १ मिमी ही पिच असते. मेट्रिक आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ६० अंशांचा असतो.

टॅपच्या अंगावर लांबीच्या दिशेने ज्या खाचा असतात त्यांना फ्लूट म्हणतात. कापला गेलेला धातूचा कीस या खाचांमध्ये साठतो किंवा त्यांतून बाहेर पडतो. टॅपच्या टोकाकडील निमुळत्या भागास लीड म्हणतात. कापण्याचे प्रत्यक्ष काम हाच भाग करतो. त्यामागील पूर्ण उंचीचे आटे मुख्यतः टॅपला मार्ग दाखवितात. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणाऱ्या छिद्रास आरपार छिद्र आणि तळ असलेल्या छिद्रास बंद छिद्र म्हणतात.

कारखान्यांच्या बोलीत 'टॅप मारणे', 'आटे पाडणे' व 'आटे मारणे' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. आटे झिजून किंवा फाटून बोल्ट नुसताच फिरू लागला म्हणजे 'आटे गेले' असे म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील फिटर, टर्नर व मशिनिस्ट या व्यवसायांच्या अभ्यासक्रमांत टॅप व डाय यांचा वापर शिकविला जातो.

## पार्श्वभूमी

आट्यांच्या मापांत एकवाक्यता आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमधील अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये केला. त्यांनी सुचविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) ६० अंशांचा मेट्रिक आटा प्रमाण मानला. भारतात या आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आहे. स्टेनलेस स्टीलचा उदय नंतरचा. शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त अगंज पोलाद तयार केले आणि त्यानंतर या धातूचा प्रसार झपाट्याने झाला. दुग्धप्रक्रिया, औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया, साखर उद्योग व शस्त्रक्रियेची उपकरणे अशा अनेक क्षेत्रांत आज तो अपरिहार्य ठरला आहे.

## धातूचे गुणधर्म

पोलादात क्रोमियमचे प्रमाण किमान १०.५ टक्के असले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. हा थर धातूचे गंजण्यापासून रक्षण करतो. ३०४ या प्रतीत साधारणपणे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्यांखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. या दोन्ही प्रती ऑस्टेनाइटी गटात मोडतात. टॅपिंगमधील अडचणींच्या मुळाशी या गटाचे पुढील चार गुणधर्म आहेत.

* ताणाने कठीण होणे : ऑस्टेनाइटी स्टील दाबले, घासले किंवा वाकविले गेले म्हणजे तेवढ्या भागात कठीण होते. बोथट ड्रिलने किंवा एकाच जागी घासत राहिलेल्या टॅपने छिद्राच्या भिंतीवर असा कठीण थर निर्माण होतो आणि पुढच्या धारेला तोच कापावा लागतो.
* उष्णतेचे मंद वहन : ३०४ स्टीलची उष्णतावाहकता साध्या कार्बन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे कापताना निर्माण होणारी उष्णता भागात पसरून जात नाही. ती टॅपच्या धारेपाशीच साचते.
* चिवटपणा : या धातूचा कीस सहज तुटत नाही. तो लांब दोरीसारखा निघतो आणि फ्लूटमध्ये गुंतून बसतो.
* चिकटण्याची प्रवृत्ती : ऑक्साइडचा थर घर्षणाने निघून गेला म्हणजे उघडा पडलेला धातू दुसऱ्या धातूस दाबाखाली चिकटतो. टॅपच्या धारेवर अशा प्रकारे धातूची पुटे चढतात.

सर्व स्टेनलेस स्टील मात्र सारखे नसते. ३०३ या प्रतीत किमान ०.१५ टक्के गंधक असल्याने तिचा कीस तुटून पडतो व आटे पाडणे सुलभ होते. परंतु तिची गंजरोधकता ३०४ पेक्षा कमी असते आणि ती वेल्डिंगला चांगली नसते. ४१० व ४२० या मार्टेन्साइटी प्रतींना उष्णतोपचाराने कठीण करता येते. त्यामुळे त्यांत आटे पाडावयाचे असल्यास ते शक्यतो कठीण करण्यापूर्वी पाडतात. ४३० ही फेराइटी प्रत ताणाने तुलनेने कमी कठीण होते.

प्रत ओळखण्यासाठी चुंबक लावून पाहण्याची पद्धत सर्वत्र आढळते, परंतु तिला मर्यादा आहेत. ४३० व ४१० यांना चुंबक स्पष्टपणे चिकटतो, तर मऊ अवस्थेतील ३०४ ला तो जवळजवळ चिकटत नाही. तथापि निकेल कमी व मँगनीज अधिक असलेल्या २०२ सारख्या प्रतीही मऊ अवस्थेत चुंबकास दाद देत नाहीत. उलट ३०४ चा तुकडा वाकविला किंवा ठोकला गेला असल्यास त्या जागी चुंबक हलकासा ओढला जातो. म्हणून एखाद्या नव्या गठ्ठ्यातील मालावर अचानक टॅप तुटू लागल्यास मालाचे प्रमाणपत्र तपासणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

## छिद्राचा व्यास

टॅपिंगमधील पुष्कळ दोषांचे मूळ टॅपमध्ये नसून आधी पाडलेल्या छिद्रात असते. सर्वसाधारण नियम असा की, छिद्राचा व्यास म्हणजे आट्याच्या नाममात्र व्यासातून पिच वजा करून येणारी संख्या. या नियमाने येणारी आट्याची उंची, १.२९९ × पिच ही व्यासावरील पूर्ण उंची मानल्यास, सुमारे ७७ टक्के भरते. स्टेनलेस स्टीलमध्ये एवढी उंची सहसा आवश्यक नसते. छिद्र किंचित मोठे ठेवल्यास जोडणीची ताकद थोडीच घटते, पण टॅपवरील पीळ बराच कमी होतो. मात्र व्यास ६एच या सहनमर्यादेने घालून दिलेल्या कमाल मापाच्या आत असणे आवश्यक असते. कापणाऱ्या टॅपसाठीची नेहमीची मापे पुढीलप्रमाणे आहेत.

| आटा | नेहमीचे ड्रिल (मिमी) | स्टेनलेससाठी मोठे ड्रिल (मिमी) | ६एच नुसार कमाल आतील व्यास (मिमी) |
|---|---|---|---|
| एम ४ × ०.७ | ३.३ | ३.४ | ३.४२२ |
| एम ५ × ०.८ | ४.२ | ४.३ | ४.३३४ |
| एम ६ × १ | ५.० | ५.१ | ५.१५३ |
| एम ८ × १.२५ | ६.८ | ६.९ | ६.९१२ |
| एम १० × १.५ | ८.५ | ८.६ | ८.६७६ |
| एम १२ × १.७५ | १०.२ | १०.४ | १०.४४१ |

ड्रिलने पडणारे छिद्र ड्रिलच्या मापापेक्षा थोडे मोठेच पडते, ही गोष्ट मोठे ड्रिल निवडताना ध्यानात घ्यावी लागते. एम ८ साठी ६.९ मिमीचे ड्रिल वापरल्यास मर्यादेपर्यंत केवळ ०.०१२ मिमी उरतात. म्हणून पाडलेले छिद्र प्रत्यक्ष मोजून पाहणे इष्ट होय.

ड्रिलची धार चांगली असणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ड्रिल एकसारख्या दाबाने पुढे सरकत राहिले पाहिजे. ते न कापता एकाच जागी फिरत राहिल्यास भिंत काचेसारखी चकचकीत व कठीण होते. छिद्राच्या तोंडाशी ९० अंशांचा उतार आट्याच्या बाह्य व्यासाहून किंचित मोठा दिल्यास टॅप सरळ शिरतो आणि पहिला आटा वर उचलला जात नाही.

## टॅपची निवड

* हँड टॅपचा संच : यात बहुधा तीन टॅप असतात. पहिल्याचा निमुळता भाग सर्वांत लांब व तिसऱ्याचा सर्वांत आखूड असतो. हाताने काम करताना तिन्ही क्रमाने वापरल्यास भार विभागला जातो.
* स्पायरल पॉइंट टॅप : याच्या टोकाशी तिरकी खाच असते आणि तो कीस पुढे ढकलतो. म्हणून तो आरपार छिद्रांसाठी योग्य असतो.
* स्पायरल फ्लूट टॅप : याच्या खाचा मळसूत्री असल्याने कीस वरच्या दिशेने बाहेर येतो. बंद छिद्रांसाठी हाच प्रकार सोयीचा.
* फॉर्मिंग टॅप : हा धातू कापत नाही, दाबून आट्याचा आकार देतो. त्यामुळे कीस निघतच नाही. मात्र त्यासाठी छिद्र मोठे लागते. एम ६ साठी ते सुमारे ५.५५ मिमी असते. वंगण भरपूर आणि यंत्राची शक्ती पुरेशी असावी लागते.

स्टेनलेस स्टीलसाठी साध्या हायस्पीड स्टीलपेक्षा कोबाल्टयुक्त हायस्पीड स्टीलचे टॅप अधिक टिकतात. टायटॅनियम कार्बोनायट्राइडसारख्या लेपाने झीज कमी होते, तर वाफेच्या प्रक्रियेने दिलेला काळसर ऑक्साइडचा थर वंगण धरून ठेवतो व धातूची पुटे चढू देत नाही.

## वेग व वंगण

लेप नसलेल्या कोबाल्टयुक्त टॅपने ३०४ मध्ये काम करताना कापण्याचा वेग मिनिटास सुमारे ५ ते ६ मीटर ठेवून सुरुवात करणे सुरक्षित असते. मिनिटास होणारे फेरे काढण्यासाठी वेगाच्या संख्येस १००० ने गुणून त्यास ३.१४ × व्यास (मिमी) याने भागतात. ६ मीटर वेगासाठी एम ६ टॅपला मिनिटास सुमारे ३२०, एम ८ ला सुमारे २४० आणि एम १० ला सुमारे १९० फेरे येतात. वेग फार वाढविल्यास धार जळते. मात्र वेग अतिशय कमी ठेवून टॅप थांबवत थांबवत चालविणेही हितावह नसते, कारण प्रत्येक थांब्यावर धार कठीण थरावर घासते.

नेहमीचे पातळ कूलंट या कामास पुष्कळदा अपुरे पडते. गंधक किंवा क्लोरीनयुक्त कटिंग ऑईल अथवा टॅपिंगसाठीचे मलम धारेवर टिकून राहते. कूलंटच वापरावयाचे असल्यास त्यातील तेलाचे प्रमाण सुमारे १० टक्के किंवा त्याहून अधिक ठेवतात. बंद छिद्रात वंगण तळापर्यंत पोहोचते की नाही हे पाहावे लागते. केवळ टॅपच्या बाहेरील अंगावर तेल सोडून ते साधत नाही.

## प्रमुख दोष, कारणे व उपाय

### टॅप तुटणे

टॅप कोणत्या क्षणी तुटला, यावरून कारणाचा माग काढता येतो.

* शिरतानाच तुटल्यास : टॅप व छिद्र यांचे अक्ष जुळलेले नसतात, छिद्र लहान असते किंवा तोंडाशी उतार दिलेला नसतो. हाताने काम करताना एक-दोन फेऱ्यांनंतर गुण्या लावून टॅप काटकोनात आहे का हे दोन दिशांनी तपासावे.
* मध्यावर तुटल्यास : फ्लूटमध्ये कीस दाटलेला असतो, वंगण कमी पडलेले असते किंवा भिंत आधीच कठीण झालेली असते.
* तळाशी तुटल्यास : छिद्राची खोली अपुरी असते किंवा तळाशी कीस साचलेला असतो.
* उलट फिरविताना तुटल्यास : न तुटलेल्या किसाचे मूळ धारेच्या मागे पाचरीसारखे अडकते. टॅपचा प्रकार बदलणे व कीस आधी मोकळा करणे हा त्यावरील उपाय होय.

हँड टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा फिरवून कीस तोडण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. यंत्रावरील स्पायरल पॉइंट व स्पायरल फ्लूट टॅप मात्र एका दमात खोलीपर्यंत जाऊन परत यावेत, अशाच रचनेचे असतात.

### आटे फाटलेले किंवा खरखरीत असणे

आट्यांच्या बाजू ओरखडलेल्या दिसत असतील, तर धार बोथट झालेली असते किंवा तिच्यावर धातूची पुटे चढलेली असतात. टॅप भिंगाखाली पाहिल्यास चकचकीत चिकटलेला धातू दिसतो. वंगण बदलणे, वेग कमी करणे आणि लेपयुक्त टॅप वापरणे या क्रमाने उपाय करतात. पुटे चढलेल्या टॅपने काम चालू ठेवल्यास पुढील प्रत्येक छिद्र अधिक खराब होत जाते.

### आटा मोठा होणे

नो-गो गेज आत शिरत असल्यास आटा प्रमाणाबाहेर मोठा झालेला असतो. टॅप डुगडुगत फिरणे, तो अक्षावर नसणे, यंत्राच्या सरकण्याची गती पिचशी न जुळणे, धारेवर पुटे चढणे किंवा ६एच ऐवजी ६जी सहनमर्यादेचा टॅप चुकून वापरला जाणे ही त्याची कारणे होत. गतीचा मेळ नसल्यास टॅप ओढला किंवा दाबला जातो व आट्याची एक बाजू जास्त कापली जाते. अशा वेळी तरता टॅप होल्डर उपयोगी पडतो.

### आटा लहान राहणे

गो गेज आत जात नसल्यास टॅप झिजलेला असू शकतो. चिवट धातू व पातळ भिंती यांमुळेही असे घडते. कापताना भिंत किंचित बाहेर सरकते आणि टॅप निघाल्यावर पूर्ववत होते. यासाठी सहनमर्यादेच्या वरच्या बाजूस माप ठेवलेला ६एचएक्स या संकेताचा टॅप वापरतात. गेज अर्धेच जात असेल, तर प्रथम छिद्रातील कीस पूर्णपणे साफ करून पुन्हा तपासावे.

### छिद्राचे तोंड पसरट होणे

आटे आत घट्ट आणि तोंडाशी सैल असल्यास टॅप शिरताना कललेला किंवा हेलकावत असतो. हाताने टॅप फिरविताना हँडलच्या एकाच टोकावर जोर पडल्यास हा दोष हमखास उद्भवतो.

## निदानाचा क्रम

दोष आढळल्यावर पुढील क्रमाने तपास केल्यास वेळ व साहित्य वाचते.

1. छिद्राचा व्यास, खोली व सरळपणा मोजणे.
2. ड्रिलची धार व छिद्राच्या भिंतीची चकाकी पाहणे.
3. टॅपचा प्रकार छिद्राच्या प्रकारास अनुरूप आहे का हे पाहणे.
4. टॅपची धार भिंगाखाली तपासणे.
5. वंगण तळापर्यंत पोहोचते का हे पाहणे.
6. वेग व यंत्राच्या सरकण्याची गती तपासणे.
7. मालाची प्रत पडताळणे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम टॅप, तेल व वेग बदलल्यास काम कदाचित सुधारते, पण कारण अज्ञातच राहते आणि पुढच्या खेपेस तीच अडचण पुन्हा उभी राहते.

उदाहरणादाखल, ३०४ च्या जाड पट्टीत एम ६ चे १२ मिमी खोल आटे बंद छिद्रांत पाडावयाचे आहेत आणि सरळ फ्लूटचा टॅप काही छिद्रांनंतर तळाशी तुटतो आहे असे समजू. छिद्राची खोली मोजल्यास ती १४ मिमी भरते. लीड २ ते ३ आट्यांचा, म्हणजे ३ मिमीपर्यंत असतो. म्हणून पूर्ण १२ मिमी आट्यांसाठी टॅपचे टोक १५ मिमीपर्यंत जाणे भाग आहे. १४ मिमीच्या छिद्रात ते तळावर आदळणारच, आणि साचलेल्या किसाने उरलेली जागाही व्यापली जाते. आराखडा परवानगी देत असल्यास छिद्र १८ मिमी खोल केल्याने किसासाठी ३ मिमी जागा उरते. एवढ्यानेच टॅप तुटणे थांबले, तर कारण सापडले असे म्हणता येते. त्यानंतरही टॅप जड फिरत असल्यास स्पायरल फ्लूटचा टॅप आणि मग ५.१ मिमीचे ड्रिल असे एकेक पाऊल पुढे टाकता येते. पट्टीची जाडी खोली वाढवू देत नसेल, तर दीड ते दोन आट्यांच्या आखूड लीडचा टॅप हा पर्याय उरतो. परंतु त्याच्या प्रत्येक धारेवर अधिक भार येतो.

## तपासणी

आतील आटे गो व नो-गो अशा दुहेरी प्लग गेजने तपासतात. गो बाजू हलक्या हाताने पूर्ण लांबीपर्यंत गेली पाहिजे. नो-गो बाजू दोन फेऱ्यांहून अधिक आत जाता कामा नये. ही दोन्ही टोके आट्याचा मधला व्यास पाहतात; आतील व्यासासाठी साध्या प्लग गेजने वेगळी तपासणी करावी लागते. छिद्र फार मोठे पडले असल्यास आट्यांची उंची अपुरी राहते. असे आटे आट्यांच्या गेजमधून पार पडूनही भार पडल्यावर निघून येऊ शकतात. दाबपात्राचे झाकण किंवा फिरत्या यंत्राचे आवरण धरणाऱ्या आट्यांच्या बाबतीत ही तपासणी टाळणे धोक्याचे असते. 'हातातला बोल्ट बसला' ही कसोटी या कामी पुरेशी मानली जात नाही.

## तुटलेला टॅप काढणे

टॅप तुटल्यावर प्रथम काम थांबवून छिद्रातील सुटा कीस चिमट्याने व तेलाने मोकळा करतात. टॅपचा भाग वर आलेला असल्यास तो पकडून मागे-पुढे हलवत सैल करतात. तो आत तुटला असल्यास फ्लूटमध्ये सरकणाऱ्या बोटांचा टॅप एक्स्ट्रॅक्टर वापरतात. वर आलेल्या मोठ्या टॅपवर नट वेल्ड करून तो फिरविण्याचीही पद्धत आहे.

हायस्पीड स्टीलचा टॅप साध्या ड्रिलने कापला जात नाही. तसा प्रयत्न केल्यास ड्रिल घसरून बाजूच्या मऊ भिंतीत शिरते. मौल्यवान भागासाठी स्पार्क इरोजन (ईडीएम) हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. त्यात तांबे किंवा पितळेच्या इलेक्ट्रोडने टॅपचा मधला गाभा जाळून काढतात व उरलेले तुकडे अलगद वेचतात. आट्यांना त्यामुळे सहसा धक्का लागत नाही. वाकडा घुसलेला टॅप छिन्नीने ठोकून फोडण्यात भाग बिघडण्याचा व तुकडे डोळ्यांत उडण्याचा, असे दोन्ही धोके असतात.

## आट्यांची दुरुस्ती

आटे फाटल्यास पुढील मोठ्या मापाचा आटा पाडणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. परंतु सभोवतीची भिंत तेवढी जाड असावी लागते आणि जोडीच्या भागातील छिद्रही बदलावे लागते. मूळ माप राखणे आवश्यक असल्यास तारेच्या वेटोळ्याचे इन्सर्ट बसवितात. त्यासाठी छिद्र मोठे करून विशेष टॅपने आटे पाडतात व वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील असे फिरवून बसवितात. इन्सर्टची तार बहुधा स्टेनलेस स्टीलचीच असल्याने त्यात स्टेनलेसचा बोल्ट बसविताना चिकटरोधक वंगण लावणे आवश्यक ठरते. छिद्र वेल्डिंगने बुजवून पुन्हा आटे पाडता येतात, पण वेल्डची जागा असमान कठीण असते आणि उष्णतेने भाग वाकण्याची शक्यता असते.

## जोडणीत आटे अडकणे

आटे निर्दोष असूनही जोडणीच्या वेळी स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या आट्यांत मध्येच घट्ट होतो आणि पुढे जात नाही व मागेही येत नाही. यास गॉलिंग म्हणतात. दाबाखाली ऑक्साइडचा थर फाटून दोन्ही बाजूंचे उंचवटे एकमेकांस चिकटल्यामुळे असे घडते. हा गंज नव्हे; अगदी नव्या, स्वच्छ आट्यांतही तो घडू शकतो.

प्रतिबंधासाठी आटे गुळगुळीत व कीसमुक्त ठेवणे, निकेल किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त चिकटरोधक मलम लावणे, बोल्ट हाताने सुरू करून सावकाश आवळणे आणि यांत्रिक पान्याचा वेग कमी ठेवणे हे उपाय आहेत. अन्नाशी संबंध येणाऱ्या यंत्रांसाठी त्या कामास मान्यता असलेलेच वंगण वापरावे लागते. बोल्ट अडकू लागल्याचे जाणवताच जोर लावणे थांबवून, तेल सोडून तो सावकाश मागे फिरवितात. जोर लावत राहिल्यास बोल्ट कापून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

## स्वच्छता व गंज

आटे पाडून झाल्यावर तेल पूर्णपणे धुऊन काढणे आवश्यक असते. क्लोरीनयुक्त तेलाचा अंश आट्यांच्या फटीत राहिल्यास पुढे तेथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडून गंज सुरू होऊ शकतो. साध्या पोलादाच्या हत्यारांचे कण आट्यांत रुतून राहिल्यास काही दिवसांत तांबूस डाग दिसू लागतात आणि स्टेनलेसच गंजल्याचा भास होतो. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या पॅसिव्हेशन प्रक्रियेने असे कण निघून जातात व संरक्षक थर पुन्हा नीट तयार होतो.

## सुरक्षितता

टॅप कठीण पण ठिसूळ असतो. तुटताना त्याच्या चकत्या वेगाने उडतात. म्हणून संरक्षक चष्मा वापरणे अत्यावश्यक असते. बंद छिद्रात दाबाची हवा सोडल्यास कीस थेट वर, वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतो. स्टेनलेसचा लांब कीस धारदार असतो. तो हाताने न ओढता यंत्र बंद करून आकड्याने काढतात. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालणे टाळतात, कारण कीस किंवा टॅप मोज्यास गुंडाळून हात ओढला जाण्याचा धोका असतो.

## हे सुद्धा पहा

* स्टेनलेस स्टील
* मळसूत्र
* लेथ
* वंगण